घरची सेडान ऑटोक्रॉसला नेताना

आमच्याकडे करड्या रंगाची एक होंडा अकॉर्ड आहे. मागच्या सीटवर मुलीची बूस्टर सीट, डिकीत छत्र्या आणि किराण्याच्या पिशव्या, डॅशबोर्डवर छोटा गणपती. आठवडाभर शाळा, ऑफिस आणि इंडियन स्टोअर एवढंच तिचं फिरणं. महिन्यातल्या एखाद्या रविवारी मात्र ती न्यू जर्सीतल्या एका मोकळ्या पार्किंगमध्ये नारिंगी शंकूंमधून जीव तोडून धावते. सोमवारी सकाळी ती पुन्हा शाळेसमोरच्या गाड्यांच्या रांगेत उभी असते.

पुढे जे लिहिलंय ते सगळं त्या सोमवारला धरून आहे. ज्यामुळे सोमवारी गाडी घरच्या कामाला येणार नाही, ते रविवारी करायचं नाही. पहिल्या वर्षी मी गाडीला एकही नवा सुटा भाग लावला नाही. ब्रेक ऑइल बदललं, हवेचा गेज घेतला, टॉर्क रेंच (नट ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) घेतला आणि टेपचं एक रीळ. बाकीचा खर्च प्रवेश फीचा.

शंकूंमधून धावण्याच्या या खेळाला ऑटोक्रॉस म्हणतात. अमेरिकेत तो प्रामुख्याने स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका चालवतो. ही १९४४ साली स्थापन झालेली संस्था आहे, सगळे तिला एससीसीए म्हणतात आणि तिच्याकडे ऑटोक्रॉसचं नाव ‘सोलो’ आहे. नावाप्रमाणेच एका वेळी एकच गाडी आपला रन, म्हणजे कोर्सची फेरी, करते. बाजूला दुसरी गाडी नसते, धडकायला भिंत नसते. रस्ता त्या दिवसापुरता शंकू मांडून आखलेला. एक रन साधारण पाऊण ते एक मिनिटाचा, वेग हायवेवरच्या रोजच्या वेगाहून क्वचितच जास्त, पण वेळ मोजतात सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. शंकू पाडला तर त्या रनमध्ये २ सेकंद वाढतात. वाट चुकून एखादं फाटक, म्हणजे दोन शंकूंमधली वाट, सुटलं तर तो रन बाद.

भारतातून आलेल्या मित्रांसाठी एक खुलासा. आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की बऱ्याचदा मातीचा ट्रॅक डोळ्यांसमोर येतो. इथे मी डांबर किंवा काँक्रीटवरच्या प्रकाराबद्दल बोलतोय. मातीसाठी लागणारा इंजिनाखालचा पत्रा, चिखलाचे टायर यातलं इथे काहीही लागत नाही.

आधी कागद, मग पाना

आपल्या भागातली एससीसीएची शाखा शोधा. बहुतेक शाखांची नोंदणी मोटरस्पोर्टरेज या संकेतस्थळावर होते. फी साधारण ५० ते ८० डॉलर. सदस्यत्व नसेल तर त्या शनिवार-रविवारपुरतं तात्पुरतं मिळतं. गाडी चालवण्याचा वैध परवाना हवा. उंच एसयूव्ही आणि मिनीव्हॅन कलंडण्याच्या भीतीने बऱ्याचदा परत पाठवल्या जातात. सेडानची उंची कमी आणि चाकांमधलं अंतर रुंद, त्यामुळे ती अडचण येत नाही. घरात व्हॅन आणि सेडान दोन्ही असतील तर कुठली न्यायची हा प्रश्न इथेच मिटला.

मग वर्ग ठरवा. कंपनीने दिली तशी गाडी असेल तर ‘स्ट्रीट’ गटात नाव द्या. साध्या फॅमिली सेडान बहुतेक त्यातल्या जी-स्ट्रीट किंवा एच-स्ट्रीट या वर्गांमध्ये बसतात. आपलं मॉडेल नियमपुस्तकात नावानिशी शोधा. नवख्यांसाठी बऱ्याच शाखांत वेगळा गट असतो, पहिल्या वर्षी तोच घ्या. तिथे तुमची तुलना तुमच्यासारख्यांशीच होते.

हेल्मेटच्या बाबतीत फसू नका. नुसता डीओटीचा (अमेरिकी सरकारी मानकाचा) शिक्का चालत नाही, भारतातून आणलेलं आयएसआयचंही नाही. आतल्या अस्तराखाली स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचा किंवा नियमपुस्तकात मान्य असलेल्या दुसऱ्या मानकाचा स्टिकर लागतो आणि तोही नियमपुस्तकात त्या वर्षी मान्य असलेल्या पिढीचा. स्नेलची मानकं दर पाच वर्षांनी नवी येतात. पण पहिल्याच खेपेला विकत घेऊ नका, बहुतेक शाखांकडे उसनी हेल्मेटं असतात. नोंदणी करताना विचारून ठेवा.

गाडीच्या विम्याचे कागदही त्याच रात्री काढून वाचा. शर्यतीत किंवा वेळ लावून गाडी चालवताना झालेलं नुकसान अनेक पॉलिसींमध्ये वगळलेलं असतं. ऑटोक्रॉसमध्ये गाडीला इजा होण्याचे प्रसंग फारच थोडे, तरी घरच्या एकुलत्या एका गाडीबाबत हे आधी माहीत असावं आणि घरी सगळ्यांशी बोलून झालेलं असावं. मुलांना बघायला नेणार असाल तर अल्पवयीनांचा वेगळा फॉर्म असतो, त्यावर पालकांच्या सह्या लागतात.

दोन आठवडे आधी: गाडी धडधाकट आहे का?

कुठलीही गाडी वेगवान करण्याआधी ती निरोगी हवी. रोजच्या वापरात दबून राहिलेलं दुखणं ऑटोक्रॉसच्या एका मिनिटात वर येतं.

गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. प्रत्येक चाक वर-खाली धरून हलवा: खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग डावीकडे-उजवीकडे धरून हलवा: तिथे ढिलाई असेल तर स्टिअरिंगचा टाय रॉड. यातलं काहीही सापडलं तर स्पर्धा पुढे ढकला आणि दुरुस्ती करा. ही दुरुस्ती कधीतरी करावीच लागणार होती.

ब्रेकचे पॅड किती उरलेत ते बघा. निम्म्याच्या खाली असतील तर बदला, पण कंपनीच्याच प्रतीचे घ्या. रेस ट्रॅकचे पॅड घेण्याचा मोह टाळा. ते तापल्याशिवाय धरत नाहीत आणि पाऊण मिनिटाच्या रनमध्ये तापायला वेळच मिळत नाही. शाळेच्या वाटेवरच्या पहिल्या सिग्नललाही ते थंडच असतात, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते. ब्रेक ऑइल मात्र तीन वर्षांत बदललं नसेल तर बदलून घ्या. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, ओलावा भरलेलं १४० ला. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. ऑटोक्रॉसमध्ये ते उकळण्याइतकं क्वचितच तापतं, पण ताज्या ऑइलने पेडल घट्ट लागतं आणि पायाला भरवसा येतो.

इंजिन ऑइल कांडीवरच्या वरच्या खुणेपर्यंत भरलेलं ठेवा, त्याच्या वर नाही. लांब वळणात ऑइल तळटाकीच्या एका कडेला जाऊन साचतं. अर्धा लिटर कमी असेल तर पंपाच्या तोंडाशी काही क्षण हवा येऊ शकते. पेट्रोलचंही तसंच. टाकी काठोकाठ भरू नका, कारण १५ गॅलन पेट्रोलचं वजन चाळीस किलोच्या पुढे जातं. पण अगदी तळालाही ठेवू नका. मी निम्म्याच्या थोडं खाली ठेवतो.

बॅटरीला हात लावून जोराने हलवून बघा. तसूभरही हलता कामा नये. स्पर्धेच्या तपासणीत हे हमखास बघतात आणि जुन्या गाड्यांत पट्टीचा नट गंजून ढिला झालेला असतो.

चाकांच्या नटांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ते मला अनुभवाने शिकवलंय. दुसऱ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी सवय म्हणून टॉर्क रेंच फिरवला, तर मागच्या डाव्या चाकाचे दोन नट हाताच्या जोराने फिरत होते. आठवड्यापूर्वी एका दुकानात टायरची अदलाबदल करून घेतली होती. त्या चाकावर मुलगी पाच दिवस शाळेत गेली होती. तेव्हापासून टायरच्या दुकानातून आलो की घरी स्वतः नट तपासतो, स्पर्धा असो वा नसो. अकॉर्डच्या नटांना ८० पाउंड-फूट इतका आवळण्याचा जोर लागतो, तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत आहे. चाकं थंड असताना, एक सोडून एक असे ताऱ्यासारखे नट आवळा. रेंचने ‘टक’ केलं की थांबा, आणखी एक हिसका देऊ नका.

टायर बदलायचे का? नाही, निदान पहिल्या वर्षी नाही. सोबत आलेले ऑल सीझन टायर, नक्षी शिल्लक असेल आणि कडेला चिरा नसतील, तर पुरेत. ते घसरायला लागले की आधी आवाज करतात, रबर कुरकुरायला लागतं. कुठे जास्त मागताय हे त्या आवाजावरून कळतं. चिकट रबराचे टायर घसरण्याआधी फारसं काही सांगत नाहीत. फक्त एवढं लक्षात घ्या की कडा झिजतील. टायर आयुष्याच्या शेवटाकडे आलेले असतील तर उत्तमच, त्यांच्यावर शिका आणि मग नवे घ्या.

आदल्या रात्री: गाडी रिकामी करा

हे काम सोपं वाटतं, पण संसारी गाडीत याला तासभर लागतो. डिकी, दारांचे कप्पे, सीटखालची जागा, ग्लोव्ह बॉक्स, छतावरचा चष्म्याचा कप्पा, सगळं रिकामं. पाण्याची बाटली पायाखाली घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली अडकली तर काय होईल, याचा विचार करून प्रत्येक वस्तूकडे बघा. सीटखाली हात घालून चाचपा. आमच्या गाडीतून एकदा तीन खडू, एक छोटी लोखंडी मोटार आणि वर्षभरापूर्वी हरवलेला डब्याचा चमचा निघाला. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट काढा. मुलांची सीट काढा, आणि काढण्याआधी पट्टे कसे लावलेत त्याचा फोटो घ्या.

गणपती चिकटवलेला असला तरी उन्हाने डिंक सुटतो. मी त्याला आदल्या रात्री उतरवतो, रुमालात गुंडाळून घरी देवापाशी ठेवतो.

स्टेपनी आणि जॅक काढायला नियमांची परवानगी आहे. पण जाता-येता पंक्चर झालं तर? मी त्या घेऊनच जातो आणि मैदानावर पोचल्यावर काढून बाकी सामानासोबत ताडपत्रीखाली ठेवतो. चाकांवर प्लास्टिकच्या टोप्या असतील तर त्याही उतरवाव्या लागतात.

हवा: फुकटात मिळणारा सगळ्यात मोठा फायदा

सेडानमध्ये इंजिन पुढे, ओढणारी चाकं पुढे, वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग पुढे. जोरात वळलं की बाहेरच्या बाजूचं पुढचं टायर दबतं, त्याची बाजू दुमडते आणि गाडी नक्षी सोडून कडेवर घासत जाते. स्टिअरिंग वळवलंय पण गाडी सरळच चाललीय, असं जे वाटतं त्यामागे हेच असतं. हवा वाढवली की टायरची बाजू ताठ राहते.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीचा आकडा असतो, समजा ३३ पीएसआय. मी सुरुवात पुढे ४० आणि मागे ३६ ने करतो. टायरच्या बाजूवर कमाल दाब कोरलेला असतो, बहुधा ४४ किंवा ५१. थंड टायरमध्ये हवा भरताना त्याच्या पुढे कधीच जायचं नाही.

आता शाळेतला पांढरा खडू घ्या. चारही टायरवर, नक्षी संपून बाजू सुरू होते त्या कडेवरून, तीन-तीन ठिकाणी आडवी जाड रेघ मारा. त्या कडेवर बऱ्याच टायरना एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो. रन संपला की उतरून बघा. खडू त्रिकोणाच्याही खालपर्यंत पुसला गेला असेल तर टायर दुमडतंय, २ पीएसआय वाढवा. नक्षीच्या कडेवरचा खडू तसाच राहिला असेल तर हवा जास्त आहे, २ कमी करा. त्रिकोणाच्या टोकाशी पुसला गेला की हात लावू नका.

दिवस चढतो तसे टायर तापतात आणि दाब आपोआप वाढतो. साधारण साडेपाच अंश सेल्सिअसला १ पीएसआय हा हिशेब धरा. म्हणून दर रननंतर गेज लावा आणि आकडा वहीत लिहा. रन क्रमांक, पुढचा दाब, मागचा दाब, वेळ, गाडी काय करत होती. मोबाइलवर नाही, वहीत. उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि हात मळलेले असतात.

मागच्या टायरची हवा आणखी वाढवली की गाडीचं शेपूट हलकं होतं आणि ती चटकन वळते. काही रन झाल्यावर हे करून बघायला मजा येते, पण पहिल्या दिवशी यासाठी मागची हवा वाढवू नका. मागची बाजू पहिल्यांदा सुटते तेव्हा काय करायचं, हे अजून तुमच्या हातांना माहीत नसतं.

आम्ही नवरा-बायको एकाच गाडीवर नाव देतो. मग टायरना दोन रनच्या मध्ये विसावा मिळत नाही. झाडांना पाणी मारायचा फवारा सोबत ठेवतो आणि टायरवर पाणी मारतो. उन्हाळ्यात याने फरक पडतो.

बसण्याची जागा

पाठ सीटला टेकलेली असताना हात पुढे केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. बहुतेकांना यासाठी रोजच्यापेक्षा सीट पुढे आणि पाठ उभी करावी लागते. हेल्मेट घालून छताला डोकं लागत नाही ना, तेही बघा.

घरच्या गाडीच्या सीटवर माणूस वळणात घरंगळतो आणि मग स्टिअरिंगला लोंबकळतो. त्यावर एक जुनी युक्ती आहे. सीट दोन बोटं मागे घ्या, पट्टा लावा, खांद्याशी जोरात हिसका देऊन तो अडकवा आणि अडकलेला असतानाच सीट पुढे आणा. पट्टा छातीला घट्ट बसतो आणि हात फक्त वळवण्यासाठी मोकळे राहतात.

नंबर

गाडीवर दोन्ही बाजूंना अंक आणि वर्गाची अक्षरं लागतात. अंक किमान ८ इंच उंच, अक्षरं किमान ४ इंच. रंगकामाची टेप वापरा, सहज निघते. गडद गाडीवर निळी टेप दुरून दिसत नाही; पांढरी किंवा पिवळी घ्या. वेळ नोंदवणाऱ्याला तुमचा नंबर वाचता आला नाही तर रन तुमच्या नावावर लागत नाही.

तो दिवस

गेट उघडेल तेव्हा हजर राहा. आधी तपासणी: नट, बॅटरी, ब्रेकचं पेडल, सीटबेल्ट, गळती, रिकामी डिकी, हेल्मेट. घरी सगळं केलं असेल तर दोन मिनिटांत संपते.

मग कोर्स पायी फिरा. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा फक्त वाट समजून घ्या: उभ्या शंकूजवळ आडवा पाडलेला शंकू असतो, त्याचं टोक ज्या उभ्या शंकूकडे, त्याच्या दुसऱ्या बाजूने गाडी न्यायची. दुसऱ्यांदा खाली वाकून, गाडीत बसल्यावर डोळे जेवढ्या उंचीवर असतील तेवढ्या उंचीवरून बघा. उभं राहून सोपी वाटलेली वाट तिथून नुसती नारिंगी गर्दी दिसते. तिसऱ्यांदा गप्पा न मारता एकटे फिरा आणि शेवटी डोळे मिटून पूर्ण कोर्स मनात चालवून बघा. कुठे अडलात, तिथे पुन्हा जा. नवख्यांना अनुभवी माणूस सोबत घेऊन फिरवतो, ती फेरी चुकवू नका.

ऑटोमॅटिक असेल तर ‘डी’ ऐवजी ‘एस’ मध्ये ठेवा, म्हणजे वळणातून बाहेर पडताना गिअरबॉक्स विचार करत बसत नाही. घसरण रोखणारी यंत्रणा पहिले दोन रन चालू राहू द्या. नंतर बटण दाबून धरून बंद करून बघा. बऱ्याच गाड्यांत ती पूर्ण बंद होत नाही, पण हस्तक्षेप कमी होतो. एबीएसला मात्र हात लावायचा नाही.

पहिल्या रनचं एकच उद्दिष्ट ठेवा: वाट न चुकता शेवटपर्यंत पोचणं. वळणात टायर ओरडताहेत आणि गाडी बाहेर जातेय, तर स्टिअरिंग आणखी वळवू नका. उलट अॅक्सिलरेटर थोडा सोडा आणि स्टिअरिंग किंचित सैल करा, पुढची चाकं पुन्हा धरतील. नजर समोरच्या शंकूवर नाही, त्याच्या पुढच्या शंकूवर. सोबत अनुभवी माणूस बसवता येतो. संकोच करू नका, विचारा. माझ्या शेजारी बसलेल्या एका आजोबांनी पूर्ण रनभर फक्त ‘पुढे बघ’ एवढंच म्हटलं आणि माझे अडीच सेकंद कमी झाले.

आपले रन नसतील तेव्हा कोर्सवर काम करावं लागतं: पडलेले शंकू उभे करणं, किती पडले ते कळवणं, लाल झेंडा दाखवणं. प्रत्येक शंकूभोवती जमिनीवर चौकोन आखलेला असतो. शंकू उभा असून त्या चौकोनाला कुठेतरी चिकटून असेल तर दंड नाही. आडवा झाला किंवा पूर्ण बाहेर गेला तर २ सेकंद. चालत्या गाडीकडे पाठ करायची नाही, फोन खिशात. टोपी, भरपूर पाणी, सनस्क्रीन आणि बंद बूट लागतील. डब्यात पोळीभाजीचे रोल सगळ्यात सोयीचे, उभ्याने खाता येतात.

पुढच्या वर्षी काय घ्यावं

खेळ आवडला आणि टायर झिजले, तर २०० ट्रेडवेअरचे टायर घ्या (ट्रेडवेअर म्हणजे रबर किती टिकतं त्याचा टायरवरचा आकडा, कमी म्हणजे जास्त चिकट). स्ट्रीट गटात याहून कमी आकड्याचे चालत नाहीत. ते वेगळ्या चाकांवर चढवा आणि थंडीत वापरू नका. त्यानंतर चांगले शॉक अॅब्सॉर्बर. पुढचा किंवा मागचा, दोन्हींपैकी एकच अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) बदलायची मुभा आहे. एअर फिल्टर आणि सायलेन्सरला नियमांची हरकत नाही, पण पैसे तिथे घालवू नका. त्याच पैशांत वर्षभराच्या दोन-तीन स्पर्धा होतात.

निघण्याआधी

टेप तिथेच काढा, उन्हात राहिली तर डिंक रंगावर बसतो. टायर हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, मग नट पुन्हा रेंचने तपासा. हवा थोडी जास्तच ठेवून घरी या आणि रात्री टायर पूर्ण थंड झाले की दारावरच्या आकड्यावर आणा. नक्षीत अडकलेले खडे काढा. ऑइलची कांडी बघा. आदल्या रात्रीचा फोटो समोर धरून मुलांच्या सीटचे पट्टे तसेच बसवा, ओढून बघा. मॅट, छत्र्या, पिशव्या. आणि रुमालातून गणपती.